नोकरीच्या अर्जासोबत कव्हर लेटर जोडावं की नाही? (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

निळीशाई

नोकरीविषयीच्या प्रत्येक चर्चेत हा प्रश्न येतो आणि "द्या की, बिघडतं काय?" या उत्तरावर मिटतो. बिघडतं, म्हणून स्वतंत्र धागा काढतेय.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे सरकारी-निमसरकारी कचेऱ्यांत 'कव्हरिंग लेटर' म्हणजे गठ्ठ्यावरचं पत्र. विषय, संदर्भ आणि खाली 'सोबत जोडलेली कागदपत्रे'. आवक-जावकच्या टेबलावर कागद मोजून घेता यावेत एवढंच त्याचं काम. खासगी नोकरीत मागतात ते कव्हर लेटर वेगळं. त्यात या जागेसाठी मी का, हे सांगायचं असतं. पण शाळेत शिकलेला अर्ज हाताशी असतो, मग दुसरं पत्र पहिल्याच्या भाषेत लिहिलं जातं. 'आपल्या नामांकित संस्थेत', 'वरील विषयास अनुसरून', 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा'. ही वाक्यं खोटी नसतात, पण ती कुणालाही आणि कुठेही लागू पडतात. वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि रेझ्युमे उघडायच्या आधीच तो कंटाळतो.

माझं मत सरळ आहे. रेझ्युमेच्या चौकटीत बसत नाही, पण निवड करणाऱ्याला ठाऊक असायलाच हवं, असं काही सांगायचं असेल तर पत्र द्या. नसेल तर देऊ नका. (जाहिरातीत मागितलंच असेल तर प्रश्न मिटला, द्यायचंच.)

असं काय असतं? पत्ता नागपूरचा आणि जागा रांजणगावची. मध्ये दोन वर्षांचा खंड. शिक्षण सिव्हिलचं आणि अर्ज डेटा ॲनालिस्टचा. मॅनेजरपदावर असूनही अर्ज सीनिअर इंजिनिअरसाठी. कंपनीतल्याच कुणीतरी "अर्ज कर" म्हणून सांगितलेलं. यातली शेवटची गोष्ट रेझ्युमेत दिसतच नाही. बाकीच्या नुसत्या दिसतात, त्यांचं कारण दिसत नाही. मग वाचणारा आपलं आपण कारण लावतो, आणि ते सहसा आपल्या बाजूचं नसतं.

जिथे पत्र लागतच नाही ती ठिकाणंही सांगते. नोकरीच्या वेबसाइटवरचे एका क्लिकचे अर्ज, कॅम्पस, वॉक-इन, प्लेसमेंट एजन्सीला पाठवलेला बायोडेटा. एमपीएससी किंवा बँकांच्या भरतीत तर ऑनलाइन फॉर्मच असतो, पत्राला जागाच नाही.

चाळणी

भरतीच्या बाजूने लिहितो. मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर अर्ज आला की पत्र कोण, कधी पाहतं हे समजलं तर निम्मा गोंधळ संपेल.

आधी फॉर्ममधले बाद करणारे प्रश्न: अनुभव किती, नोटीस किती, या शहरात काम कराल का, व्हिसा लागेल का. इथेच बरेच अर्ज गळतात. राहिलेल्यांत रिक्रूटर शब्द टाकून शोधतो आणि रेझ्युमे चाळतो. इथपर्यंत पत्र बहुतेक वेळा उघडलंही जात नाही. ते उघडतं त्यानंतर, ज्या मॅनेजरकडे माणूस कामाला जाणार त्याच्या टेबलावर, चार-पाच नावं सारख्याच तोलाची उरली की. म्हणजे पत्र पहिल्या चाळणीतून पार करत नाही, शेवटच्या चार-पाचांत उपयोगी पडू शकतं. पहिल्या चाळणीसाठीचा वेळ रेझ्युमेवरच घालवा.

यातून दोन गोष्टी निघतात.

जाहिरातीतला महत्त्वाचा शब्द (सॅप एमएम, टॅली प्राइम, ऑटोकॅड, जे असेल ते) फक्त पत्रात लिहिला आणि रेझ्युमेत नसला, तर शोधात तुमचं नाव येईलच असं नाही. आधी रेझ्युमेत हवा.

पत्र आणि रेझ्युमे एकाच पीडीएफमध्ये पत्र वर ठेवून चिकटवू नका. वर्कडेसारख्या पोर्टलवर फाइल टाकली की यंत्र तिच्यातून नाव, कंपन्या, तारखा उचलून रकाने भरतं. पहिल्या पानावर ज्या कंपनीकडे अर्ज करतोय तिचाच पत्ता असला की तो भलत्याच रकान्यात जाऊन बसतो. पत्राला वेगळी जागा दिलेली असेल तर तिथेच टाका. एकच फाइल घेत असतील तर रेझ्युमे आधी, पत्र शेवटच्या पानावर. आणि यंत्राने भरलेले रकाने एकदा वरपासून खालपर्यंत वाचा, विशेषतः तारखा. दोन कॉलमचा किंवा टेक्स्ट बॉक्स वापरलेला रेझ्युमे असेल तर महिना एकीकडे, वर्ष दुसरीकडे असं होतं.

'ऐच्छिक' लिहिलेल्या रकान्याबद्दल माझं मत निळीशाईंपेक्षा जरा कडक आहे. सांगण्यासारखं काही नसेल तर रिकामा सोडा. तिथे नुसतं "प्लीज फाइंड अटॅच्ड माय रेझ्युमे" टाकणं रिकाम्यापेक्षा वाईट. संधी दिली होती आणि सांगायला काही नव्हतं, असाच अर्थ निघतो.

शॉपफ्लोअर

वरचं सगळं आयटी आणि मोठ्या कंपन्यांसाठी बरोबर आहे. चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली इथल्या दीड-दोनशे माणसांच्या कारखान्यात पोर्टल नसतं. जाहिरातीत एक मेल आयडी असतो. मेल उघडणारा प्लँट हेड किंवा मालकच असतो, आणि तो मोबाइलवर उघडतो. तिथे वेगळी पीडीएफ करून कव्हर लेटर जोडायचं नाही. मेलचा मजकूर हेच पत्र. त्याने दोन फाइली उघडाव्यात ही अपेक्षा चुकीची आहे.

सगळ्यात आधी विषयाची ओळ. 'जॉब ॲप्लिकेशन' किंवा 'रेझ्युमे' असा विषय असलेले मेल त्याच्याकडे ढिगाने असतात. आठवड्याने शोधायला गेला तर तुमचा सापडणार नाही. विषयात चार गोष्टी हव्यात: पद, वर्षं, कामाचा प्रकार, नोटीस. उदाहरणार्थ:

सप्लायर क्वालिटी इंजिनिअर | ६ वर्षे | डायकास्टिंग, मशीनिंग | नोटीस ३० दिवस

मजकूर इंग्रजीतच जाईल, आशय मराठीत देतो. आकडे नमुन्याचे आहेत.

"नमस्कार. सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करत आहे. जाहिरातीत ॲल्युमिनियम डायकास्टिंगच्या पुरवठादारांचा अनुभव मागितला आहे. गेली ४ वर्षे असे ११ पुरवठादार माझ्याकडे आहेत. एका हाउसिंगमध्ये पोरॉसिटीमुळे मशीनिंगनंतर लीक टेस्टला माल नापास होत होता. ८डी करून गेटिंग आणि व्हेंटिंग बदलून घेतलं. रिजेक्शन ६.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आलं. पीपॅप लेव्हल ३ ची फाइल स्वतः तपासतो. आयएटीएफ १६९४९ चा अंतर्गत ऑडिटर आहे. सध्या नाशिकला असलो तरी निवड झाल्यास चाकणजवळ राहायला येईन. नोटीस ३० दिवसांची आहे. रेझ्युमे सोबत जोडला आहे."

खाली पूर्ण नाव, मोबाइल नंबर. संपलं. इंग्रजीत हे शंभर-सव्वाशे शब्दांत बसतं.

(या क्षेत्राबाहेरच्यांसाठी: डायकास्टिंग म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग बनवणं. पोरॉसिटी म्हणजे त्या भागात राहिलेली बारीक छिद्रं. गेटिंग-व्हेंटिंग म्हणजे साच्यात धातू जाण्याची आणि हवा बाहेर पडण्याची वाट. ८डी ही दोषाचं मूळ शोधून तो काढायची आठ पायऱ्यांची पद्धत, पीपॅप म्हणजे पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं, आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक.)

यात काय केलंय ते पाहा. दुसऱ्याच वाक्यात जाहिरातीतली मागणी उचलली आणि तिसऱ्यात तिला उत्तर दिलं. मोबाइलवर मेल उघडायच्या आधी विषय आणि पहिली ओळ-दीड ओळ दिसते. ती जागा 'आय ॲम रायटिंग टु यू विथ ग्रेट एंथुझिॲझम'मध्ये घालवली तर पुढचं वाचलं जाईलच असं नाही. मग एकच काम जवळून दाखवलं: बिघाड, कारण, उपाय, आकडा. 'क्वालिटी सुधारली' हे सगळेच लिहितात. पोरॉसिटी लीक टेस्टला पकडली आणि गेटिंगपर्यंत मागे गेला, हे वाचून प्लँट हेडला कळतं की हा मोल्डपर्यंत जाणारा माणूस आहे, नुसता गेजवर उभा राहणारा नाही. पाच कामांची यादी दिली असती तर यातलं काहीच कळलं नसतं.

एक काळजी. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग यातलं काहीही लिहू नका. 'एका हाउसिंगमध्ये' एवढं पुरतं. गुप्ततेच्या करारावर सही असते, आणि जो सध्याच्या कंपनीची माहिती मेलवर टाकतो तो उद्या आपलीही टाकेल, हे समोरच्याच्या लगेच लक्षात येतं.

कोयनाकाठ

शॉपफ्लोअर, नमुना फार कामाचा. पाठवतानाच्या चुकांची भर घालते.

जुन्या मेलमधून मजकूर उचलून नव्यात डकवला की अक्षराचा रंग किंवा आकार मध्येच बदलतो. लिहिताना जाणवत नाही, समोरच्याला लख्ख दिसतं, आणि हा मेल दहा ठिकाणी गेलाय हे कळतं. कॉम्प्युटरवर कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून डकवा म्हणजे जुनं फॉरमॅटिंग येत नाही.

'टू'च्या रकान्यात तीस कन्सल्टंटचे पत्ते एकदम टाकणं. प्रत्येकाला बाकीचे एकोणतीस दिसतात. एकेकाला वेगळा मेल.

'डिअर सर' गृहीत धरणं. जाहिरातीत नाव असेल तर आडनाव लावून लिहा, नसेल तर 'हायरिंग टीम' चालतं. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' आपल्याकडे खपून जातं, पण परदेशी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसला पाठवताना टाळा.

रेझ्युमे ड्राइव्हवर ठेवून लिंक देणं आणि परवानगी बंद असणं. वाचणारा परवानगी मागत बसत नाही, पुढच्या मेलकडे जातो. फाइलच जोडा, पीडीएफ, पासवर्डशिवाय. झिप तर नकोच, बऱ्याच कंपन्यांचा सर्व्हर ती दारातच अडवतो. फाइलचं नाव 'फायनल न्यू २' ठेवू नका. आपलं नाव, पद आणि अनुभव, एवढं त्यात आलं पाहिजे.

सध्याच्या कंपनीच्या मेल आयडीवरून अर्ज कधीही नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे आधीच्या कंपनीचं नाव पत्रात राहून जाणं. पाठवण्याआधी मेलमध्ये कंपनीचं नाव कुठेकुठे आहे ते बोट ठेवून मोजा. जितक्या कमी ठिकाणी लिहाल तितका धोका कमी. दोनदा पुरे.

एक प्रश्न. दोन-तीन वर्षांचा खंड असेल तर पत्रात किती लिहावं? बाळंतपण, घरातलं आजारपण, स्पर्धा परीक्षा, अशी कारणं असतात. काहीच लिहू नये असंही सांगणारे आहेत.

निळीशाई

लिहावं, पण दोन वाक्यांत. पहिल्यात खंड कधी सुरू झाला, कधी संपला आणि कारण, दुसऱ्यात आता काय. "जून २०२२ ते मे २०२५ मुलाच्या संगोपनासाठी नोकरी सोडली होती. या वर्षी जीएसटी रिटर्न आणि टॅली प्राइमचं काम दोन दुकानांसाठी घरून सुरू केलं असून आता पूर्ण वेळ उपलब्ध आहे." बस. 'दुर्दैवाने', 'नाइलाजाने', 'कृपया समजून घ्यावे' यातलं काही नको. माफी मागितली की चूक झाली होती असं वाटायला लागतं, आणि मूल सांभाळणं किंवा आईचं आजारपण काढणं ही चूक नव्हे.

ही दोन वाक्यं पहिल्या परिच्छेदात घालू नका. आधी काम, मग खंड.

स्पर्धा परीक्षेचं जरा वेगळं आहे. तिथे समोरच्याच्या मनात एकच शंका असते, हा पुन्हा परीक्षेला बसेल का आणि सहा महिन्यांत जाईल का. त्या शंकेला उत्तर द्या: "२०२४ नंतर परीक्षा देणं थांबवलं आहे." थांबवलं नसेल तर मात्र लिहू नका. खोटं लिहिलेलं मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

आजाराचा तपशील देण्याची गरज नाही. 'कुटुंबातील वैद्यकीय कारण, आता संपलेलं' एवढ्यावर कुणी अडत नाही. अडलंच तर पुढचा तपशील मुलाखतीत सांगायचा की नाही हे तुम्ही ठरवा.

र्‍हाइनकाठी

जर्मनीचं लिहितो, कारण इकडे येऊ पाहणारे मराठी इंजिनिअर आणि नर्सेस भारतातल्या सवयीने अर्ज करतात आणि उत्तर येत नाही म्हणून खचतात.

इथे पत्राला आनश्राइबन म्हणतात. आयटी आणि स्टार्टअपमध्ये ते आता बरंच मागे पडलंय. डॉइच बानने २०१८ मध्ये प्रशिक्षणार्थींच्या अर्जांसाठी ते मागणं बंद केलं तेव्हा त्याची इथे बरीच चर्चा झाली होती. पण मध्यम आकाराच्या घरगुती मालकीच्या कंपन्या, सार्वजनिक संस्था, रुग्णालयं इथे ते अजूनही अपेक्षित असतं, आणि नसेल तर अर्ज अपुरा धरतात. जाहिरातीत 'फोलश्टेंडिगं बेवेर्बुंग्सउंटरलागन' म्हणजे संपूर्ण अर्ज-कागदपत्रं असं लिहिलं असेल तर पत्र, लेबेन्सलाउफ (रेझ्युमे) आणि प्रमाणपत्रं असा संच समजावा.

रचना ठरलेली आहे, डिन ५००८ या मानकाप्रमाणे. एकच पान. डावा समास २.५ सेंटिमीटर, उजवा २. वर आपला पत्ता, मग कंपनीचा. तारीख. मग विषयाची ओळ ठळक, पण 'बेट्रेफ' (विषय) हा शब्द लिहायचा नाही. जाहिरातीला केनत्सिफर म्हणजे संदर्भ क्रमांक असेल तर तो या ओळीत. पदाच्या नावापुढचं एम/डब्ल्यू/डी उचलून लिहू नका, ते सर्व लिंगांच्या उमेदवारांसाठी असतं, तुम्ही तर एकच आहात. संबोधनानंतर स्वल्पविराम आणि पुढची ओळ लहान अक्षराने. शेवटी 'मिट फ्रॉयंडलिशन ग्र्यूसन' (आपला नम्र, अशा अर्थाचा समारोप), त्यानंतर स्वल्पविराम नाही. इंग्रजी सवयीने तो हमखास पडतो.

पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तर टाळू नका. वर्षाचा, कर कापण्याआधीचा, युरोमध्ये, एकच आकडा. कधीपासून रुजू होऊ शकता हेही विचारतात, तिथे 'लवकरात लवकर' नको, तारीख द्या. भारतातली नव्वद दिवसांची नोटीस आणि व्हिसाचा वेळ धरून द्या.

आपल्या माणसांनी पत्रात आवर्जून द्यावी अशी गोष्ट म्हणजे परवान्याची स्थिती. जून २०२४ पासून चान्सेनकार्टे सुरू झालंय. त्यावर वर्षभर इथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तास काम करता येतं. तुमच्याकडे ते असेल तर पहिल्या परिच्छेदात लिहा. भारतातून अर्ज करत असाल तर पदवीची तुलना अनाबिनमध्ये (परदेशी पदव्यांच्या जर्मन डेटाबेसमध्ये) पाहून एका वाक्यात नोंदवा: संस्था एच-प्लस (मान्यताप्राप्त) आहे, पदवी समकक्ष आहे. लहान कंपनीच्या एचआरला भारतातल्या विद्यापीठाची पदवी इथे चालते का हे ठाऊक नसतं, आणि ते शोधत बसण्यापेक्षा त्यांना पुढचा अर्ज घेणं सोपं जातं. ते काम तुम्ही करून द्या.

आणि कळकळीची विनंती: जर्मन ए२ (प्राथमिक पातळीचं) असताना यंत्राकडून सी१ (प्रगत) दर्जाचं पत्र लिहून घेऊ नका. पत्र अस्खलित जर्मनमध्ये आलं की फोनही जर्मनमध्येच येतो. इंग्रजीत लिहा आणि भाषेची पातळी खरी सांगा: 'ए२ पूर्ण, बी१ चा वर्ग चालू, परीक्षा ऑक्टोबरमध्ये.'

लेकसाइड

अमेरिकेपुरतं थोडं. व्हिसाची गरज असेल तर फॉर्ममध्ये प्रश्न असतोच, तिथे खरं उत्तर द्या, पत्रात पुन्हा लिहू नका. उलट बाजू मात्र लिहा. ग्रीन कार्ड असेल किंवा जोडीदाराच्या व्हिसामुळे मिळालेल्या ईएडीवर (काम करण्याच्या परवान्यावर) काम करता येत असेल तर "स्पॉन्सरशिपची गरज नाही" हे एक वाक्य पत्राच्या शेवटी हवं. भारतीय नाव आणि भारतातली पदवी पाहून गरज असणारच असं धरणारे असतात.

इंग्लंडमध्ये एनएचएसला (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला) अर्ज करणाऱ्या नर्सेससाठी: तिथे कव्हर लेटर नसतं, फॉर्ममध्ये 'सपोर्टिंग इन्फर्मेशन'चा रकाना असतो, आणि तो ऐच्छिक समजू नका. जाहिरातीसोबत 'पर्सन स्पेसिफिकेशन' नावाचा तक्ता येतो, त्यात अत्यावश्यक आणि अपेक्षित असे निकष असतात. शॉर्टलिस्ट करणारे त्या तक्त्याशी ताडून अर्ज तपासतात. म्हणून तक्त्याच्याच क्रमाने, प्रत्येक निकषाला एक उदाहरण द्या. सुंदर ओघवता निबंध लिहिला आणि त्यात तीन निकष सापडले नाहीत, तर तितकेच गुण गेले.

तासिका

निळीशाईंनी सुरुवातीला ज्या गठ्ठ्यावरच्या पत्राचा उल्लेख केला त्याच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापकाच्या जागेला अर्ज करताना तेच पत्र लागतं आणि ते नीट हवं. इथे शैली दाखवायला जाऊ नका.

अर्ज संस्थेच्या अध्यक्ष किंवा सचिवांच्या नावे, जाहिरातीत जसं असेल तसं. विषयात पद, विषय, प्रवर्ग. संदर्भात वर्तमानपत्राचं नाव आणि जाहिरातीची तारीख. मग दोन-तीन वाक्यं: पदव्युत्तर पदवी आणि टक्के, नेट किंवा सेट कोणत्या विषयात आणि कधी, पीएच.डी. असल्यास अधिसूचनेची तारीख, अध्यापनाचा मान्यताप्राप्त अनुभव. तासिका तत्त्वावरचा अनुभव वेगळा लिहा, पूर्णवेळच्या अनुभवात मिसळू नका. छाननीत तो वेगळा काढला जातो आणि मग बाकीच्या आकड्यांवरही संशय येतो.

खाली कागदपत्रांची यादी, आणि कागद त्याच क्रमाने, पान क्रमांक घालून, प्रत्येक पानावर स्वसाक्षांकन. राखीव प्रवर्गातून अर्ज असेल तर जाहिरातीत बहुधा एक प्रत विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाकडे पाठवायला सांगितलेलं असतं. ती विसरली जाते. पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' म्हणून तो कक्ष लिहिलात तर स्वतःलाच आठवण राहते.

नोकरीत असाल तर अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे सध्याच्या कार्यालयामार्फत, जायला हवा. कार्यालयातून पुढे जायला उशीर होतो आणि मुदत टळते, म्हणून आगाऊ प्रत थेट पाठवा, पत्रावर 'आगाऊ प्रत' असं स्पष्ट लिहा आणि 'मूळ अर्ज योग्य मार्गाने सादर केला आहे' हे वाक्य तारखेसह घाला. ना हरकत प्रमाणपत्र नंतर देणार असाल तर तेही नोंदवा.

स्त्री उमेदवारांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. दहावीपासून पदवीपर्यंत माहेरचं नाव, पीएच.डी. सासरच्या नावाने, आधार तिसऱ्याच स्वरूपात. छाननी समितीला ही एकच व्यक्ती आहे हे कागदावरूनच कळायला हवं. पत्रात स्वतंत्र ओळ द्या: "अनुक्रमांक १ ते ५ वरील प्रमाणपत्रे विवाहपूर्व नावाने आहेत, राजपत्राची प्रत अनुक्रमांक ६ वर जोडली आहे." नावबदलाचं राजपत्र (गॅझेट) नसेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र.

हाती देणार असाल तर पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या.

कोयनाकाठ

तासिका, नावाचा मुद्दा लाखमोलाचा आहे.

मराठीतून पत्र पाठवणाऱ्यांसाठी जोड: पतसंस्था, दैनिकं, प्रकाशनं, सामाजिक संस्था इथे मराठी पत्र चालतं, नव्हे, उपसंपादक किंवा भाषांतरकाराच्या जागेला तर पत्र हीच पहिली परीक्षा असते. ते श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून वर्ड फाइल पाठवली, तर समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये लिहा आणि पीडीएफ करून पाठवा. पीडीएफ केल्यावर जोडाक्षरं एकदा पाहून घ्या, 'र्‍य', 'ॲ' आणि पाऊण य यांत घोळ होतो.

चाळणी

सध्या एआयने लिहिलेली पत्रं फार येतात, त्याबद्दल बोलायला हवं. साधन वापरण्याला माझा विरोध नाही. इंग्रजी कच्चं असणाऱ्याला त्याचा आधार खरा आहे. अडचण अशी की नुसती जाहिरात देऊन पत्र मागितलं की जाहिरातीतलेच शब्द फिरून परत येतात. 'आपल्या नावीन्याच्या परंपरेने मी प्रभावित झालो' असं वाक्य एकाच जागेसाठी आलेल्या दहा अर्जांत दिसतं.

क्रम उलटा करा. आधी मराठीत, कागदावर, चार ओळी स्वतः लिहा: त्यांनी मागितलेली कोणती गोष्ट मी केली आहे, कुठे केली, आकडा काय आला, माझ्याबद्दल त्यांना काय खटकेल. मग त्याचं इंग्रजी करून घ्या आणि "यात नवं काही घालू नकोस" असं सांगा. आलेल्या मजकुरातला प्रत्येक आकडा रेझ्युमेशी ताडून पाहा. पत्रात 'सात वर्षं' आणि रेझ्युमेत सहा वर्षं दोन महिने, एवढ्या फरकावरही मुलाखतीत अडवतात.

कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून रेझ्युमे पुढे जाणार असेल तर कव्हर लेटर देऊ नका. त्याला जसंच्या तसं डकवता येईल असं तीन-चार ओळींचं टिपण द्या, तृतीयपुरुषी: "सहा वर्षं सप्लायर क्वालिटी, डायकास्टिंग, नोटीस ३० दिवस, जॉब आयडी अमुक." त्याला स्वतः लिहायला लावलं की ते राहून जातं. जॉब आयडी नसेल तर तो विचारायला परत फोन करतो आणि दोन दिवस जातात. अनेक कंपन्यांत रेफरल आधी आणि अर्ज नंतर असा क्रम लागतो. तुम्ही आधीच पोर्टलवर अर्ज केला असेल तर रेफरल धरलं जात नाही, म्हणून आधी त्याला विचारा, मगच पोर्टल उघडा.

शॉपफ्लोअर

फ्रेशरना काय सांगाल? डिप्लोमावाल्या मुलांकडून हा प्रश्न सतत येतो, त्यांच्याकडे आकडे नसतात.

निळीशाई

आकडे असतात, ते मोजलेले नसतात. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये फिक्स्चर केलं असेल तर सेटिंगला आधी किती मिनिटं लागत होती आणि नंतर किती. इन-प्लँट ट्रेनिंग सहा आठवड्यांचं असेल तर कोणत्या मशीनवर, कंट्रोलर फानुक की सीमेन्स, व्हर्निअर-मायक्रोमीटर स्वतः वापरला की फक्त पाहिला. "व्हीएमसीवर फानुक कंट्रोलर, टूल ऑफसेट देता येतो, प्रोग्रॅम वाचता येतो, स्वतंत्र लिहिता येत नाही" हे वाक्य 'हार्डवर्किंग अँड क्विक लर्नर'च्या कितीतरी पुढचं आहे. काय येत नाही हे लिहायला मुलं घाबरतात. शॉपफ्लोअर, मालकाला तेच आधी कळायला हवं असतं ना?

शॉपफ्लोअर

अगदी. काय येत नाही हे कळलं की कुठल्या मशीनवर, कुणाच्या हाताखाली उभा करायचा हे ठरवता येतं. आणि मुलांनो, तीन शिफ्टमध्ये यायची तयारी आहे का, येण्याजाण्याची सोय काय, हेही लिहा. 'कंपनीच्या बस मार्गावर राहतो' किंवा 'दुचाकी आणि परवाना आहे' ही ओळ मोठ्या शहरातल्या लोकांना किरकोळ वाटेल, पण रात्री साडेअकराला सुटणाऱ्या दुसऱ्या शिफ्टसाठी माणूस घेताना ती पाहिली जाते.

कोयनाकाठ

शेवटचा प्रश्न. मेल पाठवल्यावर उत्तर नाही आलं तर किती दिवसांनी आठवण करावी, आणि पत्र पुन्हा जोडावं का?

चाळणी

कामाचे सात दिवस जाऊ द्या. जाहिरातीत शेवटची तारीख असेल तर त्या तारखेनंतर सात. नवा मेल करू नका, आपल्याच मेलला 'रिप्लाय' करा म्हणजे पहिलं पत्र आणि रेझ्युमेचा मेल खालीच राहतो. मजकूर दोन ओळींचा: पद, पाठवल्याची तारीख, आणि मधल्या काळात काही बदललं असेल तर ते, जसं नोटीस ३० वरून १५ दिवसांवर आली. 'रिप्लाय' केल्यावर जोडलेली फाइल आपोआप जात नाही, म्हणून रेझ्युमे पुन्हा जोडा. दुसऱ्यांदा आठवण आणखी दहा दिवसांनी चालते, तिसऱ्यांदा नको. व्हॉट्सॲपवर तर जाहिरातीत तो नंबर दिला असेल तरच.